मुलाचं ताट वेगळं नको, घराचं ताट बदला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

किशोरवयीन मुलामुलींमधल्या 'ड' जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच लेख आला. विषय घेतलात याबद्दल मनापासून आभार. लेखाच्या शेवटी मात्र एक वाक्य होतं आणि त्याच्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. वाक्य असं: 'आहारात ड जीवनसत्त्वयुक्त पदार्थांचा समावेश करावा.' मी एका रुग्णालयात लहान मुलांच्या ओपीडीत आहारतज्ज्ञ आहे. केसपेपरवर हेच वाक्य लिहून घेऊन आया माझ्याकडे येतात. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा पहिला प्रश्न असतो, "म्हणजे नक्की काय देऊ, आणि किती?" या प्रश्नाचं उत्तर छापील मजकुरात फार क्वचित सापडतं. आणि उत्तर मिळालं तरी ते फक्त त्या मुलापुरतं असतं. माझ्या मते घोळ इथेच सुरू होतो. चौदा-पंधरा वर्षांचं मूल घरातल्या इतरांपेक्षा वेगळं काही फार दिवस खात नाही. त्याची 'डी लेव्हल' वर यायची आणि वर राहायची असेल, तर अख्ख्या घराचं खाणं थोडं बदलावं लागतं.

आधी हे वय इतकं महत्त्वाचं का, ते सांगते. उंची सर्वांत झपाट्याने वाढते तो काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलग्यांमध्ये त्यानंतर दीड-दोन वर्षांनी. त्या टप्प्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या चार वर्षांत माणसाच्या हाडांमध्ये आयुष्यभराच्या खनिजाचा सुमारे 40 टक्के साठा भरला जातो. या वयात दिवसाला 1300 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने ठरवलं आहे. पण कॅल्शियम पोटात गेलं म्हणजे हाडांत गेलं असं होत नाही. आतड्यातून ते नीट शोषलं जायला ड जीवनसत्त्व हवं. ते कमी असलं की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतूनच ते काढायला लागतं. पाय दुखणं, जिना चढताना मांड्यांत जोर नसणं, खाली बसल्यावर हाताचा आधार घेऊन उठणं, अशा तक्रारी घेऊन मुलं येतात तेव्हा घरच्यांना तो अभ्यासाचा थकवा किंवा कंटाळा वाटत असतो. बऱ्याच मुलांना तर काहीच त्रास जाणवत नाही आणि कमतरता दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत कळते.

आता त्या 'किती'बद्दल. एक ते सत्तर वयापर्यंत रोज 600 युनिट, म्हणजे 15 मायक्रोग्रॅम, हा अमेरिकेतल्या त्याच समितीचा 2010 चा आकडा. अंगावर ऊन जवळजवळ पडत नाही असं धरून तो काढलेला आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये 15 मायक्रोग्रॅमच सांगितले, ब्रिटनने त्याच वर्षी 10. आकड्यांत थोडा फरक आहे, पण रोजचा पल्ला कुठला ते यावरून कळतं. हे युनिट आणि मायक्रोग्रॅम प्रकरणही लोकांना समजावून सांगायला हवं. एका मायक्रोग्रॅमचे 40 युनिट होतात. एका डब्यावर '5' आणि दुसऱ्यावर '200' पाहून दुसरा डबा घेणारे पालक मला भेटतात. दोन्हींत मात्रा एकच असते.

घरात खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांचा हिशोब मी पालकांसमोर कागदावर मांडते. तोच इथे मांडते. एका अंड्यात साधारण 40 युनिट असतात आणि ते सगळे पिवळ्या बलकात. सामनसारख्या तेलकट माशाच्या 100 ग्रॅमच्या तुकड्यात 400 ते 600 युनिट असू शकतात. मासा समुद्रातला की पाळलेला, यावर ते बरंच अवलंबून असतं. पांढऱ्या, कमी चरबीच्या माशांत हे प्रमाण फारच थोडं. आणि दूध? "दूध भरपूर देते हो मी," हे मी सर्वांत जास्त वेळा ऐकते. ती आई खरंच देत असते. पण साध्या दुधात कॅल्शियम उत्तम असलं तरी ड जीवनसत्त्व नावापुरतंच असतं. दुधातून ते हवं असेल तर दूध फोर्टिफाइड, म्हणजे वरून ड जीवनसत्त्व घातलेलं, असायला हवं. त्यातही देशागणिक आणि कंपनीगणिक प्रमाण बदलतं. कुठे पेल्यामागे 50 युनिट, कुठे 120. वनस्पतीपासून केलेल्या दुधांचंही तसंच: काहींत घातलेलं असतं, काहींत अजिबात नसतं. शिवाय घातलेलं जीवनसत्त्व तळाशी बसू शकतं, म्हणून खोका हलवून मगच ओतायचं. पाकिटाच्या मागच्या बाजूचा बारीक अक्षरातला तक्ता वाचल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही.

धरून चालू की पेल्यामागे 100 युनिटचं दूध मिळालं. मुलाने रोज दोन पेले दूध घेतलं, दोन अंडी बलकासकट खाल्ली, तर 280 युनिट झाले. आठवड्यातून दोनदा तेलकट मासा खाल्ला तर त्याचे रोजचे सरासरी आणखी 140. बेरीज 420. म्हणजे नीट ठरवून खाणाऱ्या घरातही 600 चा आकडा नुसत्या जेवणातून सहज गाठला जात नाही, हे मी पालकांपासून लपवत नाही. ऊन हा ड जीवनसत्त्वाचा मुख्य स्रोत आहेच. मात्र काचेतून आत आलेलं ऊन त्यासाठी उपयोगाचं नाही, कारण त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण काच अडवते. त्वचा जितकी सावळी तितका जास्त वेळ लागतो, आणि ज्या अक्षांशांवर हिवाळ्यात सूर्य खाली असतो तिथे तर महिनोनमहिने काहीच तयार होत नाही. राहिलेली तूट डॉक्टरांनी ठरवलेल्या पूरक गोळीने भरावी लागते. पण 420 युनिट पोटात जाणारं मूल आणि 60 युनिट पोटात जाणारं मूल यांत फार मोठं अंतर आहे. गोळ्यांचा कोर्स संपल्यानंतर पुढच्या तपासणीत तेच अंतर समोर येतं.

यावरून एक मुलगा आठवतो. दहावीतला, नुकताच व्यायामशाळेत जायला लागलेला. रोज चार अंडी खात होता. आई म्हणाली, "अंड्यांत तर काही कमी पडत नाही." मी त्याला विचारलं, कशी खातोस ते जसंच्या तसं सांग. त्याने सांगितलं: अंडं सोलायचं, मधोमध दोन भाग करायचे, अंगठ्याने बलक उचलून कचऱ्यात टाकायचा आणि पांढरं खायचं. व्यायामशाळेतल्या कुणीतरी त्याला बलकाने चरबी वाढते असं सांगितलं होतं. प्रथिनं पोटात जात होती आणि ड जीवनसत्त्व रोज कचऱ्याच्या डब्यात. मी त्याला बलकात काय काय असतं ते सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "बाबा पण बलक काढूनच खातात. त्यांचं काय?" त्याचं बरोबर होतं. बलक टाकायची पद्धत त्या घरात वडिलांपासूनच होती. पुढच्या खेपेला मी वडिलांना बोलावून घेतलं. कोलेस्टेरॉलसाठी त्यांचे स्वतःचे डॉक्टर काय सांगतात ते आधी विचारलं आणि मगच दोघांच्या अंड्यांचं ठरवलं.

असंच पुन्हा पुन्हा दिसतं. रिपोर्ट मुलीचा कमी येतो, म्हणून मुलीसाठी वेगळा पेला, वेगळी वाटी सुरू होते. घरातल्या बाकीच्यांचं चालू आहे तसंच. तिच्यासमोर तो पेला औषधासारखा ठेवला जातो आणि ती त्याच्याकडे औषधासारखंच पाहते. आठवडाभर पिते, मग धाकट्या भावाला देऊन टाकते. या वयाच्या मुलांना 'तू आजारी आहेस म्हणून तुला हे' असं खाणं नकोच असतं. शिवाय मूल ज्या घरात राहतं त्याच घरात, त्याच सवयींत आईवडीलही राहतात. मुलाचा रिपोर्ट पाहून आईने स्वतःची तपासणी करून घेतली की तिचाही आकडा बहुतेकदा खालीच असतो. वेगळ्या पेल्याने एकाचीच सोय होते, तीही तात्पुरती. घरात येणारं दूधच बदललं तर मात्र चहात, दह्यात, रात्रीच्या पेल्यात, सगळीकडे तेच जातं. दूध उकळल्याने हे जीवनसत्त्व जात नाही. घरी विरजलेल्या दह्यातही ते राहतं. कुणाला काही वेगळं करावं लागत नाही आणि मुलीला त्याबद्दल एक शब्दही बोलावा लागत नाही.

हाच विचार एका देशाने पूर्ण देशापुरता करून पाहिला आहे. फिनलंडमध्ये हिवाळ्यात सूर्य जेमतेम दिसतो. तिथे 2003 मध्ये पिण्याचं दूध आणि लोण्याऐवजी ब्रेडला लावायचे स्प्रेड यांत ड जीवनसत्त्व घालायला सुरुवात झाली आणि 2010 मध्ये ते प्रमाण दुप्पट केलं गेलं. 2000 ते 2011 या काळात तिथल्या प्रौढांच्या रक्तातली सरासरी पातळी लिटरमागे 48 नॅनोमोलवरून 65 वर गेली (या मापात 50 च्या वर हाडांसाठी पुरेसं मानतात). लोक जे खात-पीत होते तेच खात-पीत राहिले, फक्त त्यात काय आहे ते बदललं. सरकारने करायचं ते सरकार करो वा न करो, एका घराच्या स्वयंपाकघरात हे करायला कुणाची परवानगी लागत नाही.

अंडी-मासे न खाणाऱ्या घरांना आपल्या लेखात एक ओळही मिळाली नव्हती. त्यांच्यासाठी फोर्टिफाइड दूध हा पहिला आधार, आणि दुसरा मशरूम. यात एक बारकावा आहे. अंधारात वाढवलेल्या मशरूममध्ये ड जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. पण त्यात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो आणि ऊन लागलं की त्याचं डी-2 मध्ये, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या एका प्रकारात, रूपांतर होतं. विकत आणलेली साधी मशरूम चिरून किंवा उलटी करून, खालच्या पट्ट्या वर येतील अशी, दुपारच्या थेट उन्हात पंधरा मिनिटं ते तासभर ठेवली तर 100 ग्रॅममध्ये बऱ्याचदा 10 मायक्रोग्रॅमहून जास्त, म्हणजे 400 युनिटच्या वर, ड जीवनसत्त्व तयार होतं. खिडकीच्या काचेमागे ठेवून मात्र हे होत नाही. मग लवकर शिजवून खायची, कारण साठवण लांबली की प्रमाण उतरत जातं. हे काम मी मुलांनाच करायला सांगते. शाळेत प्रकाशसंश्लेषण घोकणाऱ्या मुलाला आपल्या हाताने मशरूम उन्हात मांडून जीवनसत्त्व तयार होताना पाहायला आवडतं आणि मग ती भाजी तो खातोही. जी कुटुंबं दूधही घेत नाहीत त्यांना मी गोळीशिवाय भागेल असं सांगत नाही. दगडफुलासारख्या लायकेनपासून काढलेलं डी-3, म्हणजे ड जीवनसत्त्वाचा दुसरा प्रकार, आता मिळतं, आणि रक्तातली पातळी वाढवायला आणि टिकवायला डी-2 पेक्षा डी-3 जास्त उपयोगी पडतं.

शिजवण्याबद्दल थोडक्यात. अंडं उकडलं किंवा झटपट परतलं तर बहुतेक जीवनसत्त्व टिकतं. भट्टीत पाऊण तास भाजलं तर निम्म्याच्या वर जातं. मासा भरपूर तेलात तळण्यापेक्षा भाजलेला किंवा वाफवलेला बरा.

ड जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, म्हणून ते चरबी असलेल्या जेवणासोबत जास्त चांगलं शोषलं जातं. ही गोष्ट गोळीलाही लागू आहे आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. एक मुलगी महिनोनमहिने नियमित गोळी घेत होती, तरी तिचा आकडा म्हणावा तसा हलत नव्हता. विचारत गेल्यावर कळलं, की ती सकाळी सहाला, शाळेला निघण्याआधी, रिकाम्या पोटी, दूध नसलेल्या चहाबरोबर गोळी घ्यायची. डॉक्टरांशी बोलून आम्ही गोळी रात्रीच्या जेवणात आणली. घरातले सगळे तेव्हाच एकत्र बसतात, आणि जेवणही दिवसातलं सर्वांत भरपूर तेच. आईला आठवण करावी लागेनाशी झाली आणि तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत आकडा वर आलेला दिसला. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये हे जीवनसत्त्व चरबीत अडकून राहतं, त्यामुळे त्यांना मात्रा जास्त लागू शकते. फिट्सची काही जुनी औषधं किंवा स्टेरॉइड चालू असतील, गव्हातल्या ग्लुटेनचा आजार असेल, तरीही तसंच. अशा मुलांच्या बाबतीत जेवणावर विसंबून राहू नये.

एक काळजी मला जास्त वाटते. कमतरता भरून काढण्यासाठी डॉक्टर आठवड्यातून एकदा घ्यायची मोठी मात्रा देतात. घरी गेल्यावर ती रोज घेतली जाते किंवा कोर्स संपल्यावरही चालू ठेवली जाते. भावाला दिलेली गोळी बहिणीलाही दिली जाते, वर 'व्हिटॅमिनच तर आहे' असं म्हणतात. जास्तीचं 'क' जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जातं, 'ड' तसं जात नाही. ते साठत राहतं. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठता सुरू होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. नऊ वर्षांवरच्या मुलांनी डॉक्टरांना न विचारता रोज 4000 युनिटच्या वर जाऊ नये. कॉड माशाच्या लिव्हरचं तेल चमच्याने देणाऱ्या आज्यांनाही हेच सांगते, कारण त्यात 'अ' जीवनसत्त्वही भरपूर असतं आणि त्याचीही मर्यादा आहे. अंडी, दूध, मशरूम, मासे यांतून मात्र कुणाला ड जीवनसत्त्व जास्त होत नाही. घरच्या जेवणावर मी इतका भर देते याचं हे एक मोठं कारण आहे.

रिपोर्ट वाचताना एककाकडे आधी पाहावं. काही प्रयोगशाळा मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम लिहितात, काही लिटरमागे नॅनोमोल. पहिल्यातले 20 म्हणजे दुसऱ्यातले 50. जुना रिपोर्ट एका एककातला आणि नवा दुसऱ्यातला, अशा वेळी पालक एकतर उगाच घाबरतात नाहीतर उगाच खूश होतात. सर्वसाधारणपणे 20 नॅनोग्रॅमच्या वर हाडांसाठी पुरेसं मानतात आणि 12 च्या खाली कमतरता नक्की समजतात. आणि खाणं बदलल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा रक्त तपासायची घाई करू नये. रक्तातल्या ड जीवनसत्त्वाचं अर्धायुष्यच, म्हणजे ते निम्म्यावर यायला लागणारा काळच, दोन-तीन आठवड्यांचं असतं. नवी पातळी स्थिर व्हायला तीन महिने द्यावे लागतात.

माझं मागणं असं आहे. आपल्या पुरवणीत पदार्थ, त्याचं घरगुती माप आणि त्यातले युनिट, असं साधं कोष्टक छापा. कापून स्वयंपाकघरात लावता येईल एवढ्या आकाराचं. दूध कंपन्यांनी पेल्यामागे किती ड जीवनसत्त्व आहे ते पाकिटाच्या पुढच्या बाजूला, ठळक अक्षरात लिहावं, यासाठी आपल्यासारख्या खपाच्या वृत्तपत्राने अग्रलेखातून आग्रह धरावा. आणि यापुढे या विषयावर लेख येईल तेव्हा 'मुलांना द्या' असं न लिहिता 'घरात सगळ्यांनी खा' असं लिहावं. कोष्टकासाठी लागणारे आकडे शाकाहारी, मांसाहारी आणि दूध न घेणारी अशा तिन्ही प्रकारच्या घरांसाठी वेगवेगळे काढून द्यायला मी तयार आहे. दुधाच्या रकान्यात पाकिटावरचा आकडा वाचकांनी स्वतः भरावा म्हणून जागा मोकळी ठेवावी लागेल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक आहारतज्ज्ञ